पेनिसिलिन कापणाऱ्या विकराचे चित्र

जालना, अंबड, भोकरदन किंवा परतूर, कोणत्याही गावच्या औषधाच्या दुकानात गेले तर अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल हमखास मिळतात. घसा सुजला, कान फुटला, जखम चिघळली की डॉक्टर अनेकदा हेच औषध लिहून देतात. नववी-दहावीच्या वर्गात प्रतिजैविकांचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, पेनिसिलिन बुरशीपासून करतात, मग हे अमॉक्सिसिलिन कोणत्या बुरशीपासून करतात?" उत्तर थोडे अडचणीचे आहे. अमॉक्सिसिलिन कोणतीच बुरशी तयार करीत नाही. त्याचा एक भाग बुरशीने केलेला असतो, दुसरा माणसाने जोडलेला असतो. हा दुसरा भाग जोडण्याआधी बुरशीने दिलेल्या रेणूचा एक तुकडा नेमका कापून काढावा लागतो. ते कापण्याचे काम करते एक विकर, म्हणजे एन्झाइम. हे विकर कसे कापते हे समजायला पंचेचाळीसहून अधिक वर्षे गेली आणि त्या कामाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यात झाला. ती हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी पेनिसिलिनचा रेणू पाहू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीचा परिणाम दिसला, पण त्या रेणूची रचना कळली १९४५ साली. ती शोधली ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पेनिसिलिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून. त्यांना रेणूच्या मध्यभागी चार अणूंचे एक छोटे, ताणलेले कडे दिसले. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. असे कडे इतके अस्थिर असणार की ते औषधात टिकेल कसे, अशी शंका होती. पण क्ष-किरणांचा कौल बरोबर ठरला. पेनिसिलिनचे सारे सामर्थ्य त्या ताणलेल्या कड्यातच आहे. जीवाणूची भिंत बांधणारे विकर त्याला चिकटते आणि निकामी होते. या गाभ्याला बाहेरून एक शेपटी जोडलेली असते. शेपटी बदलली की औषधाचे गुण बदलतात. एक शेपटी असली तर पेनिसिलिन जी, ते जठरातल्या आम्लात टिकत नाही म्हणून बहुधा टोचून द्यावे लागते. दुसरी असली तर पेनिसिलिन व्ही, ते तोंडाने घेता येते.

बुरशी मात्र शेपट्यांचे फारच थोडे प्रकार जोडू शकते. दुसरीकडे जीवाणूही स्वस्थ बसले नव्हते. त्यांच्यापैकी काहींकडे पेनिसिलिनचे मधले कडेच फोडणारे विकर असते, हे १९४० मध्येच लक्षात आले होते. औषधाचा वापर वाढला तसे हे जीवाणूही वाढले. तेव्हा नव्या शेपट्यांची, म्हणजे नव्या औषधांची गरज होती. १९५७ च्या सुमारास इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी शेपटी नसलेला नुसता गाभा वेगळा केला. त्याचे नाव ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, थोडक्यात ६-एपीए. या गाभ्याला हवी ती शेपटी जोडता येते. त्यातूनच १९६१ मध्ये अँपिसिलिन आले आणि पुढे १९७० च्या दशकात अमॉक्सिसिलिन.

अडचण होती ती शेपटी कापण्याची. शेपटी गाभ्याला ज्या बंधाने जोडलेली असते त्याला अमाइड बंध म्हणतात. गाभ्यातल्या चार अणूंच्या कड्यातही अमाइड बंधच आहे, आणि तो ताणलेला असल्याने आधी तुटतो! आम्ल किंवा अल्क टाकले की नको तो बंध फुटतो आणि औषध वाया जाते. रसायनशास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला, पण त्यासाठी फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी जहाल रसायने आणि शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान लागे. काही जीवाणू आणि बुरश्या मात्र हेच काम कोमट पाण्यात सहज करतात. जपानमध्ये साकागुची आणि मुराओ यांनी १९५० मध्येच असे विकर नोंदवले होते. त्याला पेनिसिलिन अॅसिलेज म्हणतात. हे विकर मजबूत बंध कापते आणि शेजारच्या नाजूक बंधाला धक्का लावत नाही. ते हे कसे करते, हा खरा प्रश्न होता.

याचे उत्तर मिळवायचे तर विकर दिसले पाहिजे. पण विकर ही वस्तू तरी काय आहे? याबद्दल विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात मोठाच वाद होता. रिचर्ड विलस्टेटर यांच्यासारखे नोबेल विजेते म्हणत की विकरे प्रथिने नसतातच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन नावाच्या शेंगेच्या पिठातून, म्हणजे आपल्याकडच्या अबईच्या जवळच्या नातलगातून, यूरिएज या विकराचे स्फटिक मिळवले. ते स्फटिक प्रथिनाचे होते. वयाच्या सतराव्या वर्षी बंदुकीच्या अपघातात समनर यांचा डावा हात गेला होता. हे सारे काम त्यांनी एका हाताने केले. लोकांना पटायला वेळ लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९४६ साली.

यूरिएज आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना परके वाटायला नको. कपाशीला टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो तो मातीतल्या जीवाणूंच्या याच विकरामुळे. सोयाबीनच्या दाण्यातही ते भरपूर असते. कच्च्या सोयाबीनचे पीठ पाण्यात कालवून त्यात चिमूटभर युरिया टाकावा आणि हळदीत बुडवून वाळवलेला कागद वर धरावा. थोड्या वेळाने कागद लालसर होतो. तेच पीठ आधी चांगले उकळून घेतले तर कागद पिवळाच राहतो. उष्णतेने प्रथिनाची घडी विस्कटली की विकर मेले. विकराचे काम त्याच्या घडीत असते, हे यातून वर्गात दाखवता येते. (समनर यांच्या त्या पहिल्या विकराची घडी अणूअणूने दिसायला मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली. जॅक बीनच्या यूरिएजची रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, ती मद्रास विद्यापीठातून.)

आता घडी पाहायची कशी? अणूअणूंतले अंतर सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढे असते. प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या कित्येक हजार पट, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा उपयोग नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी योग्य आहे, पण त्यांना एकत्र आणून प्रतिमा उमटवणारे भिंग इथे हाताशी नाही. मग १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून पाहिले आणि पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. ब्रॅग पितापुत्रांनी त्या नक्षीतून मिठातल्या अणूंची मांडणी काढून दाखवली.

ही नक्षी म्हणजे काय हे रात्री छत्री घेऊन पाहता येते. काळ्या कापडाची छत्री उघडून तिच्या कापडातून दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहावे. एका दिव्याऐवजी फुलीच्या आकारात अनेक ठिपके दिसतील. छत्री फिरवली की फुलीही फिरते. कापड तिरके ताणले की फुली वेडीवाकडी होते. वीण जितकी बारीक तितके ठिपके दूर दूर. धागे दिसत नाहीत, पण धाग्यांची मांडणी ठिपक्यांत उतरलेली असते. स्फटिक म्हणजे असेच तीन दिशांनी विणलेले कापड, आणि धाग्यांच्या जागी रेणू. एका रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण की ते टिपता येत नाहीत. पण अब्जावधी रेणू कवायतीसारखे रांगेत उभे असले की सर्वांचे मिळून ठिपके उमटतात. स्फटिक लागतो तो यासाठी.

प्रथिनांचे स्फटिक मात्र मिठासारखे कोरडे, कडक नसतात. त्यांत पुष्कळ पाणी असते, कधी निम्म्याच्या आसपास. सुरुवातीला लोक ते वाळवून क्ष-किरणांपुढे धरत आणि हाती काहीच येत नसे. १९३४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पेप्सिन या पाचक विकराचे मोठे स्फटिक तयार झाले होते. एका परिचिताने ते कोटाच्या खिशात घालून केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे आणले. बर्नाल यांनी ते द्रवातून न काढता, ओले असतानाच काचेच्या बारीक नळीत बंद केले आणि सुरेख ठिपके मिळाले. त्यांच्याबरोबर काम करणारी तरुण विद्यार्थिनी होती डोरोथी क्रोफूट, म्हणजेच पुढच्या डोरोथी हॉजकिन.

ठिपके मिळाले तरी चित्र मिळत नाही, हे पुढचे दुखणे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लाट. लाट किती उंच हे ठिपक्याच्या तेजावरून कळते. तिचा माथा कुठे येतो हे मात्र फोटोत उमटत नाही. ही हरवलेली माहिती परत कशी मिळवायची हे केंब्रिजच्या माक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये हिमोग्लोबिनवर दाखवले. पाऱ्यासारखे जड अणू प्रथिनाला ठरावीक जागी चिकटवायचे, पुन्हा ठिपके मोजायचे आणि फरकावरून हिशोब करायचा. हजारो ठिपके, हजारो आकडे. संगणक आले म्हणूनच हे शक्य झाले. १९६५ मध्ये लंडनच्या डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने लायसोझाइमची रचना काढली. लायसोझाइम आपल्या अश्रूंत असते आणि जीवाणूंची भिंत तोडते. संपूर्ण रचना समजलेले ते पहिले विकर. त्यात एक खाच दिसली आणि तोडायची साखळी त्या खाचेत कशी बसते हेही दिसले. "विकर कसे काम करते" या प्रश्नाला चित्रातून उत्तर देण्याची सुरुवात तिथून झाली.

पेनिसिलिन अॅसिलेजपर्यंत हे तंत्र पोचले तो धागाही हॉजकिन यांच्याच प्रयोगशाळेतून येतो. १९६९ मध्ये त्यांच्या गटाने इन्सुलिनची रचना काढली. त्या गटात गाय डॉडसन आणि एलिनॉर डॉडसन हे दांपत्य होते, आणि आपले एम. विजयन हेही होते. डॉडसन पुढे यॉर्क विद्यापीठात गेले. १९९५ मध्ये तिथून पेनिसिलिन जी अॅसिलेजची रचना प्रसिद्ध झाली. हे विकर इ. कोलाय या जीवाणूतले. साडेसातशेहून अधिक अमिनो आम्ले, दोन साखळ्या. चित्रात एक विलक्षण गोष्ट होती. कापण्याचे काम करणारे अमिनो आम्ल, सेरीन, हे एका साखळीचे अगदी पहिले अमिनो आम्ल होते.

यात विलक्षण ते काय? आपल्या पचनातले कायमोट्रिप्सिन घेऊ. तिथेही सेरीनच कापते, पण ते साखळीच्या मध्ये कुठेतरी असते. एकट्याने त्याला कापता येत नाही. त्याच्यावरचा हायड्रोजन ओढून घेऊन त्याला धार लावायला जवळ हिस्टिडीन लागते आणि हिस्टिडीनला सावरायला अ‍ॅस्पार्टिक आम्ल. साखळीत लांब लांब असलेले हे तिघे घडीमुळे शेजारी येतात. पेनिसिलिन जी अॅसिलेजमध्ये हिस्टिडीन नाहीच. साखळीच्या पहिल्या अमिनो आम्लाचे अमिनो टोक मोकळे असते, तेच हायड्रोजन ओढण्याचे काम करते. कापणारा आणि धार लावणारा एकच!

इथे पुणे येते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये स्थापन झाला. भारतात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते तिथे. तिथून काही किलोमीटरवर, पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० साली सुरू झालेली. पुण्यात सगळे तिला एनसीएल म्हणतात. तिथे एच. शिवरामन आणि त्यांचे सहकारी पेनिसिलिन अॅसिलेजवर काम करीत होते. अर्चना पुंडले आणि शिवरामन यांनी बॅसिलस स्फेरिकस या मातीतल्या जीवाणूमधले पेनिसिलिन व्ही अॅसिलेज शुद्ध केले आणि त्याचे गुणधर्म तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच विकराच्या स्फटिकांवर सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी यॉर्कच्या डॉडसन गटाबरोबर काम केले.

स्फटिक मिळवणे हे या शास्त्रातले सर्वांत बेभरवशाचे काम आहे. खडीसाखरेचा पाक जसा सावकाश, न हलवता ठेवावा लागतो तसेच हे, पण पाकाची एकच कृती असते आणि इथे प्रत्येक प्रथिनाची वेगळी. क्षार किती, आम्लता किती, तापमान किती, याचे शेकडो मेळ थेंबाथेंबांत करून पाहायचे आणि वाट पाहायची. बहुतेक थेंबांत नुसता साका बसतो. कुठल्या थेंबात स्फटिक येईल हे आधी सांगणारा सिद्धांत नाही. यंत्रे कितीही महाग असली तरी या पायरीवर चिकाटीच उपयोगी पडते, असे आम्हाला वाटते.

पेनिसिलिन व्ही अॅसिलेजची रचना १९९९ मध्ये नेचर स्ट्रक्चरल बायॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पहिले नाव सुरेश यांचे, दुसरे पुंडले यांचे, तिसरे शिवरामन यांचे. आता दोन विकरे शेजारी ठेवून पाहता येऊ लागली. काम जवळजवळ तेच, फक्त एक जी शेपटी कापते, दुसरे व्ही. पण एक दोन वेगवेगळ्या साखळ्यांचे, तर दुसरे चार सारख्या साखळ्यांचे, प्रत्येकीत सुमारे ३३५ अमिनो आम्ले. दोघांतील अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहिला तर काहीही साम्य नाही. क्रमावरून पाहणाऱ्याने यांचे नाते नाही असेच म्हटले असते.

चित्र पाहिले तेव्हा दोघांच्या गाभ्याची घडी एकच निघाली. मध्ये बीटा पट्ट्यांचे दोन थर, दोन्ही बाजूंना नागमोडी वळणांचे एकेक थर, असे चार थरांचे सँडविच. आणि कापणारे अमिनो आम्ल याही विकरात साखळीच्या अगदी सुरुवातीलाच. फक्त ते सेरीन नसून सिस्टीन आहे. ऑक्सिजनऐवजी गंधक कापतो. अशा विकरांचे एक कुळ असावे हे १९९५ मध्येच सुचवले गेले होते. पुण्याच्या विकराने त्या कुळात नव्या शाखेची भर घातली.

या चित्रांवरून कापण्याची कृती अशी दिसते. शेपटीच्या टोकाला बेंझिनचे कडे असते. पेनिसिलिन जी अॅसिलेजमध्ये त्याच्याच मापाचा, पाण्याला दूर ठेवणारा एक खिसा आहे. शेपटी त्यात शिरते. अडकित्त्यात सुपारी धरावी तसा रेणू धरला जातो. मग सेरीनचा ऑक्सिजन (किंवा व्ही अॅसिलेजमध्ये सिस्टीनचा गंधक) शेपटीच्या बंधातल्या कार्बनवर चाल करतो, बंध तुटतो, गाभा म्हणजे ६-एपीए सुटून जातो. शेपटी क्षणभर विकरालाच चिकटून राहते. पाण्याचा एक रेणू येऊन तिला मोकळी करतो आणि विकर पुढच्या रेणूला तयार. चार अणूंचे नाजूक कडे का वाचते, याचेही उत्तर इथेच आहे. विकर बंधाचा मजबूतपणा पाहत नाही. शेपटी खिशात बसल्यावर पात्यासमोर जो बंध येतो तोच कापला जातो, आणि कडे तेव्हा पात्यापासून बाजूला असते.

पण पहिले अमिनो आम्ल मोकळे असणे ही अट विकर पाळते कसे? पेशीत प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनीनने होते. म्हणजे सिस्टीन जन्मतः पहिले असूच शकत नाही. व्ही अॅसिलेजमध्ये सिस्टीनच्या पुढे तीन अमिनो आम्ले असतात, ती आधी जावी लागतात. जी अॅसिलेज तर एकाच लांब साखळीच्या रूपात जन्मते आणि मधला ५४ अमिनो आम्लांचा तुकडा निघून गेल्यावर तिच्या दोन साखळ्या होतात. हे विकर स्वतःला स्वतःच कापते. पेनिसिलिन कापण्याआधी त्याच पात्याने आपले म्यान कापायचे!

चित्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. स्फटिकातले विकर हे कवायतीत उभ्या असलेल्या मुलासारखे. खेळताना ते कसे पळते हे त्यावरून सांगता येत नाही. वरची कृती अनेक स्थिर चित्रे, त्यांत बसवलेले निरनिराळे रेणू आणि विकराच्या वेगाची मोजमापे एकत्र करून रचलेली आहे.

एक प्रश्न मात्र चित्राने सोडवण्याऐवजी नव्याने पुढे केला. पेनिसिलिन व्ही मातीत आढळत नाही. कारखान्यात बुरशीला फिनॉक्सिअॅसेटिक आम्ल पाजल्यावर ते मिळते. मग मातीतला जीवाणू ते कापणारे विकर कशासाठी बाळगतो? इथेही नात्याची मदत झाली. आपल्या आतड्यात राहणारा बिफिडोबॅक्टेरियम लाँगम हा जीवाणू पित्तक्षारांचा अमाइड बंध तोडतो. एनसीएलच्या सुरेश, पुंडले, अस्मिता प्रभुणे आणि यॉर्कच्या सहकाऱ्यांनी त्या विकराची रचना २००६ मध्ये प्रसिद्ध केली. ते पेनिसिलिन व्ही अॅसिलेजचे सख्खे भावंड निघाले. घडी तीच, सुरुवातीचे सिस्टीन तेच, खिसा मात्र पित्तक्षाराला साजेसा. म्हणजे या कुळाचे काम पेनिसिलिनपुरते कधीच नव्हते. पेनिसिलिन ही माणसाने त्यांच्यापुढे ठेवलेली वस्तू. २०१७ मध्ये एनसीएल आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले की काही जीवाणूंमधली व्ही अॅसिलेजे आणखी एका प्रकारचे रेणू कापतात. जीवाणू एकमेकांना निरोप देण्यासाठी जे रेणू सोडतात, ते हे. निरोप कापले गेले तेव्हा स्यूडोमोनास या रोगकारक जीवाणूचा उपद्रवीपणा कमी झाला. मातीत जीवाणूंची जी दाटी असते तिच्यात दुसऱ्याचा निरोप मध्येच तोडणे हाच या विकराचा मूळचा उद्योग असेल काय, याचा शोध चालू आहे.